डॉजर्सच्या नावाने खडे फोडून झाले असतील तर थोडं मालकांबद्दल बोलू (बेसबॉल)

शेवटची_इनिंग

स्प्रिंग ट्रेनिंग (सीझनआधीचा सराव) तोंडावर आलंय आणि जिकडे जावं तिकडे एकच रडगाणं: लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी पैसा ओतून बेसबॉलची वाट लावली. ऑफिसात तेच, रेडिओवर तेच, आणि परवा हळदीकुंकवाला बायकांना सोडायला गेलेल्या आम्हा नवरेमंडळींच्या घोळक्यातही तेच. तिथे मी तोंड उघडलं आणि एकटा पडलो, म्हणून इथे धागा काढतोय.

आधीच सांगतो, मी न्यूयॉर्कच्या मेट्सवाला. मुक्काम एडिसन, न्यू जर्सी. डॉजर्सवर प्रेम करायला माझ्याकडे एकही कारण नाही. आमचा क्लोझर (सामन्याच्या शेवटी येणारा पिचर) एडविन डियाझ याच हिवाळ्यात त्यांनी ३ वर्षांचे ६.९ कोटी डॉलर मोजून नेला. जखम ताजी आहे. तरीही म्हणतो की राग भलत्यावरच निघतोय.

तक्रार काय आहे ते आधी नीट मांडतो. २०२४ आणि २०२५ अशा लागोपाठ दोन वर्ल्ड सिरीज (लीगचं अजिंक्यपद) त्यांनी जिंकल्या. यांकीजनी १९९८ ते २००० मध्ये सलग तीन जिंकल्या होत्या, त्यानंतर लागोपाठ दोन कुणालाच जमल्या नव्हत्या. त्यांच्या स्टार ओहतानीचा करार १० वर्षांचा, ७० कोटींचा, पण त्यातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ मध्ये द्यायचे. म्हणजे आत्ता त्याच्या हातात वर्षाला फक्त २० लाख. पिचर यामामोटोला ३२.५ कोटी. एवढं सगळं पदरी असताना या जानेवारीत काइल टकर, ४ वर्षांसाठी २४ कोटी. २०२५ चा त्यांचा नुसता लक्झरी टॅक्स (पगारखर्च ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की लीगला भरायचा कर) १७ कोटींच्या घरात गेला. कित्येक संघांचा अख्खा पेरोल (खेळाडूंच्या पगाराचा खर्च) तेवढा नसतो.

ठीक. पण यात नियमबाह्य काय आहे? पगार पुढे ढकलायची सोय तीसही संघांना आहे. आमच्याच मेट्सकडून बॉबी बोनियाला २०११ पासून दर १ जुलैला जवळजवळ १२ लाख डॉलर जातात, ते २०३५ पर्यंत जात राहणार. हा गृहस्थ शेवटचा खेळला २००१ मध्ये! आणि ओहतानीचा करार टॅक्सच्या हिशोबात २० लाखांचा धरत नाहीत. पुढे ढकललेली रक्कम आजच्या किमतीला आणून वर्षाला सुमारे ४.६ कोटींचा धरतात. तेव्हा 'ओहतानी फुकटात पडला' हे जे सगळे बोलतात ते खरं नाही.

दुसरी गोष्ट. प्रत्येक संघाच्या स्थानिक उत्पन्नातला ४८ टक्के वाटा एका सामायिक गल्ल्यात जातो आणि तिथून तीस संघांना सारखा वाटला जातो. म्हणजे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, शिकागो देतात आणि मायामी, पिट्सबर्ग घेतात. घेणारे त्याचं काय करतात हा प्रश्न रेडिओवर कुणी विचारत नाही. त्या पैशातून खेळाडू आणायचे ही अपेक्षा. प्रत्यक्षात बरेच मालक तो नफ्याच्या खात्यात टाकून मोकळे होतात आणि वर 'आम्ही छोट्या शहरातले, आम्हाला कसं परवडणार' म्हणून गळा काढतात.

पैसा ओतला की विजय मिळतो असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याकडे बघावं. ७६.५ कोटींचा सोतो घेऊन आम्ही २०२५ ला जूनच्या मध्यात ४५-२४ (विजय-पराभव) होतो, सगळ्या लीगमध्ये पहिले. शेवटी ८३-७९. सीझनच्या अखेरच्या दिवशी जिंकलो असतो तर प्लेऑफमध्ये होतो, आणि हरलो कुणाकडून, तर पेरोलच्या यादीत पार तळाला असलेल्या मायामी मार्लिन्सकडून. ४-०. त्या रात्री घरात कुणी माझ्याशी बोललं नाही, ते बरंच झालं.

आता खरा मुद्दा. मालक आणि खेळाडूंच्या युनियनमधला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय. मालकांना या खेपेला सॅलरी कॅप (संघाच्या पगारखर्चावर कमाल मर्यादा) हवी आहे, आणि डॉजर्सविरुद्धचा हा सगळा गिल्ला त्यांच्या पथ्यावरच पडतोय. गेल्या जुलैत लीगचे कमिशनर मॅनफ्रेड फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाच्या क्लबहाउसमध्ये खेळाडूंशी बोलायला गेले, तेव्हा त्यांच्यातल्या ब्राइस हार्परने त्यांना तोंडावर सांगितलं की कॅपबद्दल बोलायचं असेल तर इथून चालते व्हा (शब्द याहून बरेच तिखट होते). १९९४ मध्येही मालकांना कॅपच हवी होती. १२ ऑगस्टला संप सुरू झाला आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीज झालीच नाही. टोनी ग्विनची बॅटिंग सरासरी .३९४ वर थांबली. माँट्रियल एक्स्पोज ७४-४० होते, सगळ्यांच्या पुढे. दहा वर्षांत तो संघच शहरातून गेला.

माझं मत एका वाक्यात: कॅप आली तर डॉजर्सचं फार बिघडणार नाही, पिट्सबर्गचं फार सुधारणार नाही, फक्त खेळाडूंकडचा पैसा मालकांकडे सरकेल. हाणा आता.

मिडऑफ_मंगेश

वाचतोय. बेसबॉलमधलं मला फारसं कळत नाही, पण आयपीएलमध्ये पर्स असतेच की. २०२५ च्या लिलावाला प्रत्येकाला १२० कोटी रुपये. त्याच्यात बसवा. पंतला २७ कोटी दिले तर बाकीच्यांना कात्री लागते. कुणी रडत नाही, आणि सामने चुरशीचे होतात. मग इथेच एवढा विरोध का?

तीन_नद्यांकाठी

धागाकर्ते, तुम्ही मेट्सवाले असून गरिबांच्या तोंडी घास जात नाही म्हणता, हे भारी आहे.

मी पिट्सबर्गला अठरा वर्षं काढली आहेत. पायरेट्सनी शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकली १९७९ मध्ये. प्लेऑफचं तोंड शेवटचं पाहिलं २०१५ मध्ये. मधल्या काळात आम्ही काय करतो? पोरगा घडवतो, तो मोठा झाला की निघून जातो. गेरिट कोल आमचाच. आता पॉल स्कीन्स आहे, २०२५ चा साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) एकमताने मिळाला, आणि गावातलं शेंबडं पोर पण सांगेल की तो कुठल्या दोन-तीन शहरांत जाणार. हे बघत बसण्यात काय मजा आहे ते तुम्ही सांगा.

आमचे मालक नटिंगसाहेब, त्यांची बाजू घेत नाहीये. २०२५ मध्ये या लोकांनी उजवीकडच्या भिंतीवरचा क्लेमेंटेचा २१ नंबर झाकून तिथे एका दारूच्या कॅनची जाहिरात लावली होती. क्लेमेंटेच्या घरच्यांनी तक्रार केल्यावर काढली. जो माणूस १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेला, त्याचा नंबर! मालक वाईट आहे हे मी तुमच्याआधीपासून ओरडतोय. पण मालक सुधारेपर्यंत थांबायचं, तर माझी नातवंडं थांबतील.

आणि एक दुरुस्ती. ४८ टक्क्यांचं तुम्ही सांगितलंत ते बरोबर, पण डॉजर्सच्या केबल कराराचा सगळा पैसा त्या हिशोबात धरला जात नाही. आधीचा मालक मॅकोर्टच्या काळात संघ दिवाळखोरीत गेला, तेव्हाच्या तडजोडीत वाटणीसाठी एक कमी आकडा ठरवून घेतला गेला. प्रत्यक्षातला करार २५ वर्षांचा, ८ अब्जांच्या वर. वरचा सगळा मलिदा त्यांचाच. हा भाग रेडिओवरही कुणी सांगत नाही, आणि तुमच्या धाग्यातही नव्हता.

शेवटची_इनिंग

@तीन_नद्यांकाठी, केबलचा मुद्दा मान्य, आणि महत्त्वाचा आहे. पण मग उपाय त्या तडजोडीवर हवा. वाटणीत पूर्ण रक्कम धरा म्हणावं. ते मालकांनी आपसात बसून ठरवायचं, त्यासाठी खेळाडूच्या पगारावर झाकण कशाला?

@मिडऑफ_मंगेश, आयपीएलचं उदाहरण उलट माझ्या बाजूचं आहे. दहा संघांच्या पर्स मिळून झाले १२०० कोटी. २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क विकले गेले ४८,३९० कोटींना, म्हणजे वर्षाला सरासरी ९,६०० कोटींच्या वर. तिकिटं, प्रायोजक वेगळे. त्यातलं खेळाडूंच्या वाट्याला किती आलं ते बघा. 'कुणी रडत नाही' कारण रडायला जागाच नाही. आपल्याकडे सध्या खेळणाऱ्या क्रिकेटपटूंची युनियन नाही. २०१९ मध्ये संघटना झाली ती निवृत्त खेळाडूंची. एनएफएल-एनबीएमध्ये कॅप आहे, पण तिथे उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा वाटा खेळाडूंना द्यायचा हे करारात लिहिलेलं असतं, आणि त्यासाठी हिशोबाची वही उघडावी लागते. बेसबॉलच्या मालकांना झाकण हवंय, वही उघडायची नाहीये. अटलांटा ब्रेव्ह्ज शेअर बाजारात आहेत म्हणून त्यांचे आकडे तरी दिसतात, बाकीचे सांगतील ते खरं.

उत्तरेकडची_काकू

मी टोरंटोहून, ब्लू जेजवाली. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या डॉजर्सविरुद्धच्या सातव्या, निर्णायक सामन्याचा विषय निघाला नाही अजून, म्हणून काढते, कारण तीन महिने झाले तरी माझ्या डोक्यातून जात नाहीये.

नववी इनिंग, आम्ही ४-३ ने पुढे, दोन आउट करायचे बाकी. त्यांचा मिगेल रोहास, ज्याच्याकडून कुणी होम रनची अपेक्षा करत नाही, तो मारतो. बरोबरी. मग खालच्या हाफमध्ये बेस भरलेले, एकच आउट, आमचा कायनर-फलेफा तिसऱ्या बेसवर. तो बेसला अगदी चिकटून उभा. चेंडू रोहासकडेच गेला, होमवर थ्रो, आणि पायाच्या जेमतेम अंतराने आउट. दोन पावलं पुढे उभा असता तर १९९३ नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज आमची होती. अकराव्यात त्यांच्या विल स्मिथने होम रन मारला. यामामोटो आदल्या दिवशी सहा इनिंग टाकून परत आला होता. काय बोलणार.

यात ७० कोटी कुठे आले? हरलो ते दोन पावलांनी. आणि आम्ही काही गरीब नाही. ग्वेरेरोला १४ वर्षांचे ५० कोटी दिले, २०२५ ला लक्झरी टॅक्स आम्हीही भरला, आणि हरल्यावर महिनाभरात डिलन सीझला २१ कोटी देऊन आणलं. संघाची मालक रॉजर्स कंपनी, तिच्याकडे पैसा आहे, तो त्यांनी काढला. मला हे आवडतं.

कॅपने काय होतं ते आम्हाला विचारा. हॉकीत २००४-०५ चा अख्खा सीझन बुडवून कॅप आणली. आमच्या टोरंटोच्या मेपल लीफ्सनी शेवटचा कप जिंकला १९६७ मध्ये. कॅपच्या आधी जिंकत नव्हते, कॅपनंतरही जिंकत नाहीत. तिकिटं मात्र कॅप आली म्हणून एक डॉलरनेही स्वस्त झाली नाहीत.

तीन_नद्यांकाठी

काकू, लीफ्सचं नाव घेतलंत की सगळेच नियम मोडतात, ते उदाहरण धरू नका :)

पण हॉकीत पिट्सबर्गनेच २००९, २०१६, २०१७ असे तीन कप कॅपच्या काळात जिंकले. क्रॉस्बी आमच्याकडेच राहिला. फुटबॉलमध्ये स्टीलर्स दरवर्षी आशेवर तरी असतात. एकाच शहरात तीन संघ, तेच प्रेक्षक, नदीच्या काठाने चालत जाता येईल इतक्या अंतरावर फुटबॉल आणि बेसबॉलची मैदानं. कॅप असलेल्या दोन खेळांत आम्ही माणसात, तिसऱ्यात नाही. हा योगायोग?

शेवटची_इनिंग

योगायोग नाही, नटिंग आहे.

बरं, गंभीरपणे. २००१ ते २०२५ या पंचवीस वर्षांत बेसबॉलची वर्ल्ड सिरीज १६ वेगवेगळ्या संघांनी जिंकली. तिकडे कॅप असलेल्या फुटबॉलमध्ये कॅन्सस सिटी चीफ्स सहा सीझनमध्ये पाच वेळा सुपर बोलला पोचले, त्याआधी सगळी वर्षं पेट्रियट्सची. कॅप म्हणजे समानता हे गृहीतकच कच्चं आहे. २०२५ च्या नियमित सीझनमध्ये सगळ्यात जास्त सामने कुणी जिंकले? मिल्वॉकी, ९७. तीस संघांतल्या सगळ्यात लहान बाजारपेठेतलं शहर. पुढे डॉजर्सनी त्यांना ४-० ने धुतलं हे खरं, पण ज्या सामन्यात एकच माणूस (ओहतानी) पिचर म्हणून सहा इनिंग शून्यावर टाकतो, १० स्ट्राइकआउट घेतो आणि वर तीन होम रन मारतो, तिथे कुठल्या कॅपने काय केलं असतं?

फ्रीमाँटकर

मालकांचा विषय निघालाय आणि अजून कुणी ओकलंडचं नाव घेतलं नाही?

ए'ज (ॲथलेटिक्स संघ) १९६८ ला ओकलंडला आले. १९७२, ७३, ७४ आणि ८९, चार वेळा जिंकले. मी इथे आलो तेव्हा पहिल्यांदा जो बेसबॉलचा सामना बघितला तो कोलिसियमलाच. बार्ट रेल्वेच्या स्टेशनवरून तो लोखंडी जाळीचा पूल ओलांडायचा, पुलावर शेंगदाण्याच्या पिशव्या विकणारे, ढोल बडवणारे. मैदान गचाळ होतं, गटार तुंबायचं, सगळं मान्य. पण स्वस्त होतं आणि आपलं होतं. सहा जणांचं कुटुंब परवडेल अशा तिकिटात बसायचं.

मालक फिशरने काय केलं? चांगले खेळाडू एकेक करून विकले, पेरोल तळाला नेला, तिकिटं वाढवली, आणि मग म्हणाला, लोक येत नाहीत. १३ जून २०२३ ला लोकांनी मुद्दाम ठरवून मैदान भरलं, सत्तावीस हजारांवर माणूस, सगळ्यांच्या अंगावर 'विका' लिहिलेले हिरवे शर्ट. त्याच आठवड्यात नेवाडाने लास व्हेगासच्या स्टेडियमसाठी ३८ कोटींपर्यंत सरकारी पैसा मंजूर केला. २६ सप्टेंबर २०२४ ला कोलिसियमचा शेवटचा सामना. आता ते वेस्ट सॅक्रामेंटोला चौदा हजारांच्या मायनर लीगच्या मैदानात खेळतात, नावापुढे शहर नाही, नुसते 'ॲथलेटिक्स', आणि २०२८ ला व्हेगासला जाणार.

लोकांना माहीत नसतं, पण एकेकाळी हा संघ आमच्या फ्रीमाँटलाच येणार होता. २००६ मध्ये घोषणा झाली, २००९ मध्ये बारगळलं. मग सॅन होजे. तिथे सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सनी 'हा आमचा इलाखा' म्हणून अडवलं. सॅन होजे शहर कोर्टात गेलं, सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये ऐकायलाच नकार दिला. कारण १९२२ चा निकाल: बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू नाही, हा आंतरराज्य व्यापारच नव्हे म्हणे! शंभर वर्षं त्याच एका निकालावर हे लोक जगतायत. दुसऱ्या कुठल्या खेळाला ही सवलत नाही.

आणि आता गंमत. ए'जनी २०२४ च्या डिसेंबरात लुइस सेव्हेरिनोला ३ वर्षांचे ६.७ कोटी दिले, संघाच्या तोवरच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार. अचानक उदार कसे झाले? वाटणीतून जितका पैसा मिळतो त्याच्या दीडपट पेरोल नसेल तर युनियन तक्रार करू शकते. तेव्हा धागाकर्त्यांना माझं अनुमोदन. पैसा नव्हता असं नाही, कुणी कान पिळेपर्यंत काढायचा नव्हता.

मिडऑफ_मंगेश

बापरे, हे वेगळंच जग आहे. शहरातून संघच उचलून न्यायचा? उद्या मुंबई इंडियन्स कुणी अहमदाबादला नेले तर काय होईल विचार करा.

एक वेगळा प्रश्न. यंदापासून तुमच्याकडे डीआरएस येतंय असं वाचलं. ते काय?

शेवटची_इनिंग

हो, एबीएस (ऑटोमेटेड बॉल-स्ट्राइक) म्हणतात. हॉक-आयचेच कॅमेरे, तेव्हा तुम्हाला लगेच कळेल. स्ट्राइक की बॉल हे पहिल्यांदा अंपायरच सांगणार. पटलं नाही तर बॅटर, पिचर किंवा कॅचर यांच्यापैकी एकाने लगेच टोपीवर किंवा हेल्मेटवर टपली मारायची. एका संघाला सामन्यात दोन चॅलेंज, बरोबर ठरलं तर ते शाबूत. डगआउटकडे बघून विचारायची सोय नाही. २०१७ ला बंगळुरूला स्टीव्ह स्मिथने ड्रेसिंग रूमकडे बघितलं होतं, ते इथे चालणार नाही.

क्रिकेटपेक्षा एक मोठा फरक म्हणजे 'अंपायर्स कॉल' नाही. चेंडू झोनला (स्ट्राइकसाठी ठरवलेल्या चौकटीला) केसभर जरी लागला तरी स्ट्राइक. झोन प्रत्येक बॅटरच्या उंचीवर ठरतो, खालची रेषा २७ टक्क्यांवर, वरची ५३.५ टक्क्यांवर. म्हणून सगळ्यांची उंची आता रीतसर मोजून घेतली जाते. काही जणांची वर्षानुवर्षं छापून येणारी उंची एक-दोन इंचांनी उतरली म्हणतात :)

२०२५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये चाचणी झाली तेव्हा निम्म्याहून किंचित जास्त चॅलेंज बरोबर निघाले आणि एकेकाला सरासरी चौदा सेकंद लागले. आमच्याकडच्या जुन्या खोडांचा विरोध आहे, मला त्यात काही दम वाटत नाही. कोरियाच्या लीगने तर २०२४ पासून प्रत्येक पिच मशीनवर सोपवलाय.

उत्तरेकडची_काकू

मला एका गोष्टीचं वाईट वाटतं. कॅचर चेंडू घेताना ग्लव्ह हळूच आत आणून बॉलचा स्ट्राइक करून घेतो, त्यात कला होती. पॅट्रिक बेलीसारखे लोक त्याच्यावरच जगतात. अंपायरला फसवण्याची कला असं म्हणाल, पण कलाच.

कायद्याचं_बोला

कॅप, एबीएस वगैरेवर खुशाल भांडा, पण मला भीती जुगाराची वाटते आणि त्यावर धाग्यात अजून एक ओळ नाही.

क्लीव्हलँडचे पिचर इमॅन्युएल क्लासे आणि लुइस ऑर्टिझ यांच्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टात आरोपपत्र दाखल झालं. दोघांनीही आरोप नाकारलेत, खटला व्हायचाय, तेव्हा जे लिहितो ते सरकारी पक्षाचं म्हणणं म्हणून वाचा. आरोप असा की कुठला पिच मुद्दाम बाहेर टाकणार किंवा किती वेगाखाली टाकणार हे सट्टेबाजांना आधी कळवायचं. त्यांनी त्यावर किमान साडेचार लाख डॉलर जिंकले. क्लासे साधासुधा नाही, तीनदा ऑल-स्टार झालेला क्लोझर, पाच वर्षांचा २ कोटींचा करार.

आरोपपत्रातला एक प्रसंग तर विलक्षण आहे. मे २०२५, समोर डॉजर्स. ठरल्याप्रमाणे पिच जमिनीलगत टाकला, बॉलच व्हायला हवा होता, पण अँडी पाहेसने बॅट फिरवली. स्ट्राइक! सट्टेबाजांचे पैसे बुडाले.

आपल्याला हे नवीन नाही. २०१० ला लॉर्ड्सवर आमिर आणि आसिफचे नो-बॉल, २०१३ ची आयपीएल. सामना फिक्स करायला अकरा जण लागतात, एक चेंडू फिक्स करायला एकच. आणि 'पुढचा पिच बॉल की स्ट्राइक' यावर पैसे लावायची सोय दिली कुणी? २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर राज्याराज्यात सट्टा कायदेशीर झाला आणि लीगनेच सट्टा कंपन्यांशी करार केले. वॉशिंग्टनच्या मैदानाला सट्ट्याचं दुकान चिकटलेलं आहे, रिग्ली फील्डलाही. आरोपपत्र आल्यावर आता म्हणतात, एका पिचवरच्या सट्ट्याला २०० डॉलरची मर्यादा. बंद का नाही केलं? आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर कायद्याने बंदी आली तेव्हा भारतीय संघाच्या जर्सीवरून ड्रीम११ एका आठवड्यात उतरलं.

शेवटची_इनिंग

+१. यावर स्वतंत्र धागा काढा खरं तर.

मला संताप येतो तो पीट रोझच्या बाबतीतल्या दुटप्पीपणाचा. रोझ धुतल्या तांदळासारखा नव्हता. मॅनेजर असताना स्वतःच्याच संघाच्या सामन्यांवर पैसे लावले, पंधरा वर्षं नाही नाही म्हणत २००४ ला कबूल केलं. १९८९ ची बंदी योग्यच होती. ४,२५६ हिट्स असूनही हॉल ऑफ फेमच्या बाहेर राहिला, २०२४ च्या सप्टेंबरात गेला. मे २०२५ मध्ये मॅनफ्रेडनी ठरवलं की 'कायमची' बंदी माणूस मेल्यावर संपते, आणि रोझबरोबर १९१९ च्या वर्ल्ड सिरीज फिक्सिंगच्या प्रकरणातला शूलेस जो जॅक्सनही सुटला. त्याआधी व्हाइट हाउसमधून दबाव होताच. डिसेंबर २०२७ मध्ये हॉल ऑफ फेमच्या समितीपुढे नाव येऊ शकतं. म्हणजे सट्ट्यासाठी हाकललेला माणूस परत येतोय, तोही सट्टा कंपन्यांच्या जाहिराती दर इनिंगला चालू असताना.

कायद्याचं_बोला

जॅक्सनला १९२१ मध्ये ज्युरीने निर्दोष सोडलं होतं, तरी बंदी टिकली. खटला एक आणि लीगची शिक्षा वेगळी, हे तेव्हापासूनचं आहे. क्लासे सुटला तरी परत पिच टाकेलच असं नाही.

मक्याच्या_शेतातून

मंडळी, तुम्ही सगळे निदान सामने बघू तरी शकता. मी आयोवात आहे. आमच्या राज्यात एकही मेजर लीग संघ नाही, पण कब्ज, व्हाइट सॉक्स, कार्डिनल्स, रॉयल्स, ब्रुअर्स आणि ट्विन्स हे सहाच्या सहा संघ आम्हाला 'स्थानिक' धरतात. म्हणजे पैसे भरून लीगचं ॲप घ्या आणि नेमके हेच सहा ब्लॅकआउट, म्हणजे त्यांचे सामने दिसत नाहीत. तीन-चार तास गाडी चालवल्याशिवाय यातलं एकही मैदान येत नाही. यावर कुणी लॉकआउट (टाळेबंदी) करत नाही.

शेवटची_इनिंग

@मक्याच्या_शेतातून, तुमच्यापुढे आमची सगळ्यांची दुःखं फिकी आहेत.

@तीन_नद्यांकाठी, परत मुद्द्यावर. मला काय चालेल ते सांगतो. कॅप नको, फ्लोअर (किमान पगारखर्चाची अट) आणा. अमुक इतका पैसा खेळाडूंवर खर्च केला नाही तर वाटणीतला हिस्सा बंद. २०२१ मध्ये मालकांनी १० कोटींचा फ्लोअर पुढे केला होता, पण सोबत टॅक्सची मर्यादा २१ वरून १८ कोटींवर आणायची अट घातली. एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने दुप्पट काढून घ्यायचं. युनियनने धुडकावलं ते योग्यच केलं. पुढे ९९ दिवसांचा लॉकआउट झाला. टॅक्सची मर्यादा आहे तशी ठेवून नुसता फ्लोअर आणायचा असेल तर मी आज सही करतो.

तीन_नद्यांकाठी

१० कोटींचा फ्लोअर नटिंग हसत हसत मान्य करेल. १५ च्या खाली मी ऐकणार नाही, आणि केबलची ती जुनी तडजोड आधी रद्द करा. एवढं झालं तर कॅप नाही आली तरी चालेल.

पण तुमचं हे सगळं जमायला दोन-तीन करार जातील. स्कीन्स २०२९ नंतर फ्री एजंट (हव्या त्या संघाकडे जायला मोकळा) होतोय.